चार दिवस बहिणीचे

७ फेब्रुवारी, शुक्रवार

प्रिय ताई,

तुला आणि भाऊजींना नमस्कार. इकडे सगळे ठीक आहोत. टाचणीचा खोकला गेला, पोरगी पुन्हा शाळेत जायला लागली. आमच्या ह्यांची पाठ मात्र अजून कुरकुरते. व्हॅनचं सीट बदलून घ्या म्हटलं तर म्हणतात, आधी पाठ बदलून मिळते का बघू.

फोन दिवसातून तीनदा होतो, मग हे पत्र कशाला, असं तू म्हणशील. फोनवर तू मला वाक्य पुरं करू देत नाहीस, म्हणून. रागावू नकोस. तुझ्या खुर्चीत बसलेला माणूस आ वासून गप्प असतो आणि बोलत असतेस तू. दातांच्या डॉक्टरला तीच सवय लागणार. कागदावर तुला मला मध्येच तोडता येत नाही. शिवाय डॉक्टरीणबाईंनी दोन दिवस मशीनवर बसू नका म्हणून सांगितलंय. दुकानात आल्टरेशनचे कपडे साचलेत आणि मी घरी हातावर हात ठेवून बसलेय.

परवा संध्याकाळी तू फोनवर म्हणालीस, "किती सुंदर होतं गं सगळं!" तुझ्या बाजूने असेल. माझ्या बाजूने कसं होतं ते सांगते, हसशील.

सकाळी सहा पेले पाणी प्यायला लावून त्या नर्सने मला तासभर बाकावर बसवलं. लघवीची पिशवी भरलेली असली की पडद्यावर गर्भाशय स्वच्छ दिसतं म्हणे. दिसलं असेल, माझ्या डोळ्यांपुढे मात्र काजवे चमकत होते. तू सारखी विचारत होतीस, "घाबरलीस का?" आणि मी मनात म्हणत होते, अगं बाई, घाबरायला आत जागा कुठे आहे, सगळीकडे पाणीच पाणी.

मग ती गार खोली. दोन्ही पाय आधारांवर, अंगावर हिरवी चादर. भिंतीतली छोटी खिडकी उघडली आणि पलीकडच्या लॅबमधल्या बाईंनी विचारलं, "नाव?" आपण दोघींनी एकदम आपापलं नाव सांगितलं. सगळे हसले. त्या बाई म्हणाल्या, "ज्यांचा गर्भ आहे त्यांचं आधी. ज्यांच्यात ठेवायचा त्यांचं नंतर." म्हणजे तू आधी. मला त्यात नवीन काही नव्हतं.

नळी आत गेली तेव्हा फारसं दुखलं नाही. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आता बघा हं," आणि त्या करड्या धुक्यात एक पांढरा ठिपका सुटला, टाचणीच्या डोक्याएवढा. तू "अगंबाई!" म्हणालीस. तुझा हात माझ्या खांद्यावर होता आणि डोळे पडद्यावर. मला झोपल्याजागी पडदा अर्धाच दिसत होता, म्हणून मी तुझ्याकडे बघत राहिले. तुझा चेहरा असा मी कधी पाहिला नव्हता. असं तू माझ्याकडे किंवा माझ्या टाचणीकडे कधी बघितल्याचं मला आठवेना. हे आपलं सहज लिहिलं, मनावर घेऊ नकोस.

नळी परत खिडकीतून गेली. पलीकडून बाई म्हणाल्या, "रिकामी आहे." म्हणजे माल पोचला. मला मात्र दहा मिनिटं उठायची बंदी. ती दहा मिनिटं मी कशी काढली ते माझं मला ठाऊक.

मग त्यांनी तो फोटो छापून दिला. लॅबमध्ये काढलेला, गोल, आत बुडबुड्यांसारखं काहीतरी. तुझ्या हातात दिला. मी म्हटलं, "बघू तरी." तू म्हणालीस, "थांब, चुरगळेल." आणि पर्सच्या आतल्या कप्प्यात ठेवलास. बाळ माझ्या पोटात चुरगळत नाही आणि फोटो माझ्या हातात चुरगळतो, असं एकदा मनात आलं. जाऊ दे.

गर्भ टिकावा म्हणून दिलेलं इंजेक्शन चालू आहे. तेलाचं आहे, त्यामुळे कंबरेखाली गाठी येतात. खालच्या मजल्यावरच्या नर्सबाई कामावर जायच्या आधी येऊन टोचून जातात. आज एका बाजूला, उद्या दुसऱ्या. टाचणी गरम पाण्याची पिशवी धरून बसते. तिने विचारलं, "मावशीला इतकं आवडतं ना बाळ, मग मी झाले तेव्हा ती का नाही आली?" मी म्हटलं, दवाखाना सोडून येता येत नव्हतं तिला. हेच कारण होतं ना गं? नऊ महिन्यांत तुझे फोन किती आले ते माझ्या लक्षात आहे, कारण ते फार नव्हतेच.

काळजी करू नकोस. मी फळं खाते, जिने सावकाश चढते, घरी टेस्ट करणार नाही. तुला वचन दिलंय. सतरा तारखेला रक्त देईन, रिपोर्ट तुझ्या फोनवर येईल, तू मला सांगशील.

तुझी,
धाकटी


२० फेब्रुवारी

प्रिय ताई,

तू फोन उचलत नाहीस. भाऊजी म्हणाले, झोपली आहे. तीन दिवस कुणी झोपतं का? दवाखानासुद्धा बंद ठेवलास म्हणे.

इकडे सगळं ठीक. इंजेक्शन बंद केलं, गोळ्या बंद केल्या. मी कामाला लागले.

काय लिहू? डॉक्टरीणबाईंनी तुला सांगितलंच असेल, पहिल्या वेळी सगळ्यांचं होतंच असं नाही. दुसरा गर्भ अजून त्यांच्याकडे गोठवून ठेवलेला आहे. मी आहे. माझी तब्येत चांगली आहे. तू जेव. तू जेवलीस की मला कळवायला सांग भाऊजींना.

सोमवारी फोनवर तू जे म्हणालीस, "एक दिवससुद्धा नाही गं, एक दिवससुद्धा मला मिळाला नाही," ते माझ्या कानातून जात नाही. मी नुसतं हं हं करत होते, तुला वाटलं असेल मलाही रडू येतंय. येत होतं.

आज एका गिऱ्हाइकाच्या कोटाला दोन्ही खिसे उलटे लावून ठेवले. पुन्हा उसवायला बसते.

तुझी,
धाकटी


१ मार्च

प्रिय ताई,

तू काल फोन उचललास, बरं वाटलं. आवाज खोल गेलाय तुझा. तू म्हणालीस, "आता मी यातून बाहेर पडतेय." तू बाहेर पडतेयस आणि मी तुला परत आत ढकलायला बसले आहे. पण हे माझ्या पोटात राहत नाही. पोट हा शब्द दुसरा सुचला असता तर बरं झालं असतं.

सरळ लिहिते. मी घरी टेस्ट केली होती. बुधवारी, बारा तारखेला. औषधाच्या दुकानातून पट्ट्या आणल्या, आणि सकाळी टाचणी शाळेत जायच्या आधी न्हाणीघरात पाहिलं. दोन रेघा आल्या.

ताई, तो राहिला होता.

गुरुवारी पुन्हा पाहिलं, रेघ गडद. शुक्रवारीही होती. शनिवारी फिकी झाली. रविवारी काही नव्हतं. सोमवारी मी रक्त द्यायला गेले तेव्हा मला रिपोर्ट माहीत होता.

चार दिवस तू आई होतीस आणि तुला कुणी सांगितलं नाही. मी सांगितलं नाही.

नर्सबाईंना विचारलं, मी लगेच कळवलं असतं तर काही करता आलं असतं का. त्या म्हणाल्या, "औषध हेच, डोस हाच. ज्याला टिकायचं नसतं ते टिकत नाही." माझ्यामुळे गेला नाही, असं म्हणतात. पण ते चार दिवस माझ्यामुळेच गेले, त्यात कुणाला विचारायची गरज नाही.

का सांगितलं नाही? यावर मी दहा दिवस खोटी कारणं जमवली. नक्की नव्हतं म्हणून. तुला उगाच आशा नको म्हणून. वचन मोडलं त्याची लाज म्हणून. एकही खरं नाही. खरं कारण असं, की मला तुझा हेवा वाटतो. आज नाही, कळायला लागल्यापासून.

आपल्या घरात नवीन कापड तुझ्यासाठी फाडलं जायचं. ते तुला आखूड झालं की आई उसवायची, उलटं करायची, आणि माझं व्हायचं. माझी शिलाई तिथेच सुरू झाली, तुझे कपडे माझ्या मापाचे करता करता. मग एकीलाच शिकवता येईल असं ठरलं, आणि ती एक कोण, हे कुणी विचारलंसुद्धा नाही. तू हुशार होतीस, हे मला कबूल आहे. पण तू एकदा तरी म्हणायचंस ना, "आणि हिचं काय?"

तुझ्या घरी लिफ्ट आहे, तुझ्या टेबलावर फुलं असतात, भाऊजी तुझ्यासाठी गाडीचं दार उघडतात. याचं मला काही नाही असं मी सगळ्यांना सांगते. आहे. सगळ्याचं आहे. आणि चार वर्षांपूर्वी ती गाठ निघाली, डॉक्टरांनी तुझं गर्भाशयच काढून टाकलं, तेव्हा मी तुझ्या उशाशी बसून रडत होते आणि त्या रडण्याच्या तळाशी एक बारीकसा आवाज म्हणत होता, आता हे माझ्याकडे आहे आणि तुझ्याकडे नाही. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. ह्यांनाही नाही.

तू विचारलंस तेव्हा मी लगेच हो म्हटलं. सगळे म्हणाले, काय मनाची मोठी आहे धाकटी. मोठी कसली! जन्मात पहिल्यांदा तू माझ्याकडे काही मागितलं होतंस. ते सुख मला हवं होतं.

मग तुझे फोन सुरू झाले. ताई, तुझा रोज फोन येणं म्हणजे काय ते तुला कळणार नाही. मी घड्याळाकडे बघत बसायची. आणि तू विचारायचीस, "काय खाल्लंस? त्याला लोह हवं." "नीट झोपलीस ना? त्याला विश्रांती हवी." एकदा माझी कंबर इतकी ठणकत होती की मी सांगायला सुरुवात केली, तर तू म्हणालीस, "त्याला काही त्रास नाही ना?" टाचणीच्या डोक्याएवढा होता तो, आणि मी त्याच्यावर जळत होते. त्याने अजून काही केलेलंही नव्हतं. रडला नव्हता, हसला नव्हता. नुसता होता, आणि तू त्याची झालीस.

बुधवारी त्या दोन रेघा बघितल्या तेव्हा मला आनंद झाला. खोटं नाही सांगत. फोन घेतला, तुझा नंबर काढला. आणि वाटलं, आत्ता सांगितलं की हे तिचं झालं. मी नुसती खोली, भाड्याने दिलेली. थोडा वेळ माझ्याकडे राहू दे. संध्याकाळपर्यंत. तेवढ्यात तुझाच फोन आला. "कसं वाटतंय?" मी म्हटलं, "ठीक." आणि ताई, ते "ठीक" म्हणताना मला जे वाटलं ते सांगायलाच हे पत्र आहे. मला मजा वाटली. आयुष्यभर सगळं तुला आधी कळायचं. त्या दिवशी मला माहीत होतं आणि तुला नव्हतं.

संध्याकाळ झाली, गुरुवार झाला. दर वेळी म्हणायची, पुढच्या फोनला.

शनिवारी रेघ फिकी झाली. मग सांगायचं तोंडच राहिलं नाही. आणि रविवारी, सगळं संपल्यावर, तू फोनवर म्हणालीस, "उद्या तू इकडेच ये ना, रिपोर्ट दोघी मिळून बघू." मी म्हटलं, काम आहे. तू म्हणालीस, "बाळाच्या खोलीतल्या पडद्यांना पिवळा बरा की फिका हिरवा? तुला कपड्यातलं कळतं, तू सांग." जन्मात पहिल्यांदा तू मला विचारून काही ठरवत होतीस. मी म्हटलं, पिवळा.

चार दिवस सासूचे, चार दिवस सुनेचे, असं म्हणतात. बहिणींनी चार दिवस कसे वाटून घ्यावेत ते कुणी सांगून ठेवलेलं नाही. मी चारही ठेवून घेतले.

उत्तर पाठव असं म्हणायचा मला हक्क नाही. दुसऱ्यासाठी मी नको असेन तर तसं नुसतं भाऊजींकरवी कळव, मी समजेन.

धाकटी


२९ मार्च

धाकटे,

तुझं पत्र येऊन महिना होत आला. पहिल्यांदा वाचलं तेव्हा फाडलं. मग तुकडे जोडून पुन्हा वाचलं. हे म्हणाले, "फोन लावून काय ते बोलून टाक." मी म्हटलं, फोनवर मी तिला बोलू देत नाही, असं तिचं म्हणणं आहे. तर तूही आता मला मध्येच तोडू नकोस.

मी डॉक्टरीणबाईंकडे जाऊन विचारलं. त्यांनी सांगितलं, तू कळवलं असतंस तरी काही बदललं नसतं. मी पुन्हा विचारलं. दुसऱ्यांदा विचारताना मला काय हवं होतं माहीत आहे? त्यांनी म्हणावं, हो, तिचीच चूक. म्हणजे मला तुझा नीट, पोटभर राग करता आला असता. त्या तसं म्हणाल्या नाहीत.

तरी राग आहे. रविवारी तू मला पडद्यांचा रंग सांगितलास, ते मी विसरणार नाही. माफ केलं असं लिहिलं तर खोटं होईल. दात काढल्यावर जीभ सारखी त्याच जागी जाते, पेशंटला कितीही सांगा. माझं तसं झालंय.

आता माझं ऐक. टाचणीच्या वेळी दवाखाना सोडून येता येत नव्हतं, हे मीच सांगितलं होतं तुला. खोटं होतं. त्या वर्षी माझे दोन गेले होते, दोन्ही तिसऱ्या महिन्यात. कुणाला सांगितलं नाही, आईलाही नाही. तुझं लग्न होऊन वर्ष झालं नव्हतं आणि तू फोनवर हसत सांगायचीस, "ताई, मला कळलंसुद्धा नाही गं, राहिलंच!" मी फोन ठेवून भिंतीला पाठ टेकून बसायची. टाचणीचा पहिला फोटो तू पाठवलास तो मी उघडला नाही. आठ दिवसांनी उघडला. ती माझ्यासारखी दिसत होती. त्याने आणखीच वाईट झालं.

आणि फेब्रुवारीत त्या गार खोलीत, डॉक्टरीणबाई पडद्यावर तुझं गर्भाशय बघून म्हणाल्या, "अस्तर किती छान आहे." मी पडद्याकडेच बघत राहिले कारण तुझ्याकडे बघितलं असतं तर माझ्या तोंडावरचं तुला दिसलं असतं. तुला वाटलं मी त्या ठिपक्यात हरवलेय. निम्मं तेच होतं. निम्मं हे होतं.

तुझ्या शिक्षणाबद्दल लिहिलंस. "आणि हिचं काय?" असं मी विचारलं नाही, कारण विचारलं असतं तर कदाचित त्यांनी अर्धं अर्धं केलं असतं. मी सोळा वर्षांची होते, पण मला तेवढं कळत होतं. हे लिहायला मला पाच वेळा पेन खाली ठेवावं लागलं.

दुसऱ्यासाठी डॉक्टरीणबाईंनी २३ एप्रिल ही तारीख दिली आहे. मी आठ दिवस हो-नाही करत होते. दुसरी कुणी बाई मला नको. तूच हवीस, म्हणजे तू मला खूप आवडतेस म्हणून नव्हे, सध्या तरी नाही. तुझ्याशी खोटं बोलायचं आता काही शिल्लक उरलेलं नाही, म्हणून. पण या वेळी तू परत जायचं नाहीस. रिपोर्ट येईपर्यंत माझ्याकडे राहायचं, टाचणीला घेऊन. तिची शाळा मी बघते. इंजेक्शन मी देईन. माझा हात हलका आहे. आणि पट्टी बघायची झाली तर दोघींनी.

त्याआधी एक काम कर. ते चार दिवस मला लिहून पाठव. काय झालं, तू काय करत होतीस, काय खाल्लंस, मी कुठे होते. काही वगळू नकोस, गोड करू नकोस. मला तेवढेच मिळालेत, तर निदान ते पाहू दे.

ताई


२ एप्रिल

प्रिय ताई,

तुझं पत्र मिळालं. सोळा वर्षांच्या मुलीवर काय रागवायचं? रागवायचं आहे, पण भेटल्यावर. पत्रात भांडायला मजा नाही. टाचणीची पिशवी आत्ताच भरून दारात ठेवली आहे तिने, अजून तीन आठवडे आहेत म्हटलं तरी ऐकत नाही.

आता तू मागितलंस ते.

बुधवार. सकाळी सव्वासातला दुसरी रेघ आली. फिकट गुलाबी, आम्ही उन्हाळी फ्रॉकला वापरतो त्या दोऱ्याच्या रंगाची. मी टबाच्या काठावर बसले आणि तोंडावर टॉवेल धरून हसले, टाचणीला ऐकू जाऊ नये म्हणून. बाहेर धुकं होतं. दुकानात जाताना मी रस्ता ओलांडायला इतका वेळ थांबले की एका म्हाताऱ्याने मलाच हात धरून पलीकडे नेलं. दुपारी तुझा फोन आला तेव्हा तू एका माणसाची अक्कलदाढ काढून दमली होतीस. म्हणालीस, "पाऊण तास झुंजले, पण काढलीच." तू लढाई जिंकल्यासारखी बोलत होतीस, आणि मला वाटलं, हो, तुला माहीत नाही काय काय जिंकलीस ते. त्या दिवशी मी दोन वाट्या मसूर खाल्ले. लोहासाठी. तू सांगितलं होतंस म्हणून.

गुरुवार. रेघ गडद झाली. इस्त्रीच्या वाफेचा वास सहन होईना, खिडकी उघडी ठेवून काम केलं. गिऱ्हाईक म्हणालं, गारठा आहे हो. म्हटलं, मला उकडतंय. तू त्या दिवशी भाऊजींशी पडद्याच्या दांडीवरून भांडलीस आणि फोन करून मला पंच केलंस. मी तुझी बाजू घेतली. भाऊजी बरोबर होते, हे आता सांगायला हरकत नाही.

शुक्रवार. हा सगळ्यात चांगला दिवस. तू सकाळी म्हणालीस, "काल आठ तास झोपले गं, कित्येक वर्षांत असं झालं नव्हतं." मी तेव्हा जिन्यात बसले होते. फोन ठेवला आणि त्याच्याशी बोलले. तू गोड करू नकोस म्हणालीस, म्हणून जसं बोलले तसं लिहिते. मी म्हटलं, "हे बघ, तुझी आई दातांची डॉक्टर आहे. तेव्हा घरी गोळ्या-चॉकलेट विसर. हवं असेल तेव्हा माझ्याकडे ये. आणि ती बोलत असताना मध्ये बोलायचं शिक, नाहीतर तुझा नंबर लागायचा नाही." असं बरंच बोलले. वरच्या मजल्यावरच्या बाई माझ्याकडे बघत बघत उतरून गेल्या. ताई, त्या दहा मिनिटांत मला हेवा वाटत नव्हता. तेवढ्यात फोन केला असता तर सगळंच वेगळं झालं असतं. उठले, आणि दुकानात जायला उशीर होत होता.

शनिवार. रेघ इतकी फिकी की खिडकीपाशी नेऊन तिरकी धरून बघावी लागली. पण होती. मी दिवसभर पाय वर करून पडून राहिले, त्याने काही होत नसतं ते माहीत असून. टाचणीने पोटावर हात ठेवून विचारलं, "दुखतंय?" मी म्हटलं, नाही. दुखत नव्हतंच, ताई. तेही मला लिहायचं होतं. त्याला जाताना काही दुखलं असेल असं मला वाटत नाही. तू अकराच्या सुमाराला गाडीतून फोन केलास, भाऊजी काहीतरी बोलले आणि तू मोठ्याने हसलीस. मी फोन पोटाशी धरला. का धरला ते मला सांगता येणार नाही. तुझं हसणं संपेपर्यंत तसाच धरून ठेवला. मग कानाला लावला तर तू म्हणत होतीस, "ऐकतेयस ना?" मी म्हटलं, "ऐकतोय." तू म्हणालीस, "ऐकतोय काय, मुलगा झालीस का?" आणि पुन्हा हसलीस.

रेघ होती म्हणून शनिवार मी तुझ्या दिवसांत धरला आहे. रविवार नाही. रविवार माझा.

बाकी काही राहिलं नाही. चारही पोचते केले. २३ च्या आदल्या दिवशी दुपारच्या बसने येतो आम्ही दोघी.

तुझी धाकटी,
आणि त्याची मावशी